घरीं बसून पदवी

इ. स. १८५८ पर्यंत लंडन विश्वविद्यालयाची पदवी हवी असेल, तर त्याच्याशीं जोडलेल्या एखाद्या महाविद्यालयांत नांव घालावें लागे. त्या वर्षीं नवी सनद मिळाली आणि वैद्यक वगळतां ही अट गेली. दिवसां शाळेंत शिकवावें किंवा कचेरींत लेखणी झिजवावी, रात्रीं दिव्यापाशीं अभ्यास करावा व परीक्षेस बसावें, असा मार्ग मोकळा झाला. परंतु केवळ पुरुषांना!

१८६२ सालीं एलिझाबेथ गॅरेट हिच्या अर्जामुळें स्त्रियांचा प्रश्न सेनेटपुढें आला. मतें समसमान पडलीं, आणि कुलपतींच्या निर्णायक मतानें तो फेटाळला गेला. १८६९ सालीं स्त्रियांसाठीं निराळी परीक्षा निघाली, नऊजणी बसल्या. मात्र उत्तीर्ण होऊनही हातीं पदवी नव्हे, नुसतें प्रमाणपत्र! कस लावावा, पण सोनें म्हणूं नये, असा हा चमत्कारिक न्याय. अखेर १८७८ सालीं पदव्या खुल्या झाल्या, आणि १८८० सालीं चौघी बी. ए. झाल्या. केंब्रिजनें स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ साल उजाडूं दिलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या सवलतीचें मोल कळतें.

मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं लंडनच्याच नमुन्यावर उभें राहिलें; परंतु तो नमुना १८५८ पूर्वींचा. त्यामुळें १८८३ सालीं येथें स्त्रियांना परीक्षा खुल्या झाल्या, तरी महाविद्यालयाची अट राहिलीच, आणि कॉर्नेलिया सोराबजी हिला पदवीसाठीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत मुलांच्या वर्गांत बसावें लागलें.