एकोणतीस अंकी संख्या आणि आचार्य वीरसेन

संख्यात, असंख्यात आणि अनंत हे शब्द आपल्या स्वाध्यायात नित्य येतात. परंतु आपल्या आचार्यांनी मोठ्या संख्यांना केवळ नावे दिली नाहीत, तर त्यांचे गणितही काटेकोरपणे तपासले, हे फारसे सांगितले जात नाही. सुवर्णमहोत्सवानिमित्त अशाच एका संख्येचा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहे.

ती संख्या अशी : ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६.

दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा २५६, असे वर्ग करीत गेल्यास पाचवा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ येतो. सहावा वीस अंकी होतो. या दोन वर्गांचा गुणाकार म्हणजे ही संख्या. अनुयोगद्वार सूत्रात मनुष्यसंख्येच्या प्रसंगी तिचे आणखी एक लक्षण सांगितले आहे : तिला दोनाने ९६ वेळा निःशेष भाग जातो. कापडाच्या व्यापाऱ्याला हे चटकन उमगते. प्रत्येक घडीला पदर दुप्पट होतात. ९६ घड्या घालता आल्या, तर इतके पदर होतील. अशा भागांच्या गणतीला आचार्य वीरसेन ‘अर्धच्छेद’ म्हणतात. नेपियरचा लॉगॅरिथमवरील ग्रंथ १६१४ साली निघाला; दोन या पायावरचे तेच तत्त्व इ. स. ८१६ मध्ये पूर्ण झालेल्या धवला टीकेत आढळते.

खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. षट्खंडागमानुसार पर्याप्त मनुष्यांची संख्या कोटीच्या तिसऱ्या घातापेक्षा अधिक व चौथ्या घातापेक्षा कमी आहे. काहींच्या मते ती नेमकी वरील संख्याच होय. कोटीचा चौथा घात म्हणजे एकावर अठ्ठावीस शून्ये; तोही एकोणतीस अंकीच. त्यामुळे वरवर पाहता दोन्ही मते जुळतात. पण वरील संख्या त्या मर्यादेच्या जवळजवळ आठपट आहे. वीरसेनांनी मनुष्यक्षेत्राचे क्षेत्रफळ काढले, त्यात इतके मनुष्य मावणार नाहीत असे दाखविले आणि ते मत अमान्य केले.

धवलेच्या ताडपत्रीय प्रती शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात होत्या. ती टीका छापून जगापुढे आणण्याचा मान आपल्या विदर्भाकडे जातो. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये पहिला भाग अमरावतीहून प्रसिद्ध केला. १९५८ पर्यंत सोळा भाग पूर्ण झाले. १९४२ च्या चौथ्या भागात लखनौ विद्यापीठाचे डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरील लेख आहे. वरील सूक्ष्म भेद त्यांनीच निदर्शनास आणला.

पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, असे म्हणणे सोपे असते. वीरसेनांनी मात्र प्रचलित मतही हिशेबाच्या कसोटीवर घासून पाहिले आणि तरीही त्यांची श्रद्धा उणावली नाही. हा वारसा केवळ पूजेने टिकणार नाही. हे सोळा भाग आपल्या ग्रंथभांडारात नसतील तर आणावेत, असतील तर उघडावेत आणि वाणिज्य-अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या हाती द्यावेत, एवढीच नम्र विनंती.