कुत्र्याची जीभ, शस्त्रक्रियेचे टाके आणि गळ्यातला शंकू : एका जुन्या समजुतीचा इतिहास

(धागा)

१. कुत्रा स्वतःची जखम चाटून बरी करतो, ही समजूत यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात ऐकू येते. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याला मात्र जखम मुळीच चाटू देऊ नका, असे पशुवैद्य बजावतात. अनुभवातून आलेली समजूत आणि शास्त्राने दिलेली सूचना इतकी परस्परविरोधी कशी झाली? या प्रश्नाचा माग काढताना वाट ग्रीक देवळातून, सुश्रुताच्या संहितेतून, १८३२ च्या मुंबईतून आणि वऱ्हाडातील गुरांच्या दवाखान्यातून जाते.

२. आरंभ ग्रीसमधून. एपिडॉरस येथे वैद्यकदेवता अ‍ॅस्क्लेपियसचे विख्यात मंदिर होते. तेथील इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील शिलालेखांत रोगमुक्तीच्या कथा कोरलेल्या आहेत. त्यांपैकी एका कथेत एजायना बेटावरील मुलाच्या मानेवरची गाठ मंदिरातील कुत्र्याने चाटून बरी केली, असे नमूद आहे. कुत्र्याची जीभ येथे देवाचेच उपकरण ठरते.

३. मध्ययुगीन युरोपात संत रोक यांच्या आख्यायिकेत हीच कल्पना पुन्हा भेटते. प्लेगने ग्रासलेले संत रानात एकटे पडले असता एक कुत्रा त्यांना भाकरी आणून देई व त्यांचे व्रण चाटी, असे ती सांगते. संत रोक यांच्या चित्रांत आणि मूर्तींत मांडीवरचा व्रण व शेजारचा कुत्रा ही त्यांची ओळखच बनली.

४. महाराष्ट्रात कुत्र्याचे स्थान दुहेरी राहिले. दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान आहेत, खंडोबासोबत कुत्रा आहे, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आहेत. दुसरीकडे धर्मशास्त्राने कुत्र्याचा स्पर्श अशुचि मानला. त्यामुळे त्याच्या लाळेविषयी आदर आणि धास्ती या दोन्ही भावना येथे एकत्र नांदल्या.

५. धास्तीला आधार होता. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्याचे वर्णन येते. गळणारी लाळ, लोंबणारे शेपूट, शिथिल झालेला जबडा. चावा घेतलेल्या माणसाला पाण्याचे भय वाटू लागले तर तो वाचत नाही, हेही तेथे सांगितले आहे. ‘जलत्रास’ हा शब्द त्याच परंपरेतला.

६. याच संहितेच्या सूत्रस्थानातील एकोणिसावा अध्याय ‘व्रणितोपासनीय’ या नावाचा आहे. व्रण झालेल्या रुग्णाची शुश्रूषा कशी करावी, हा त्याचा विषय. व्रणाला केसांच्या पंख्याने वारा घालावा. तो घासू नये, टोचू नये, खाजवू नये, असा त्याचा उपदेश आहे. भरत आलेल्या जखमेचा पहिला शत्रू खुद्द रुग्णच असतो, हे त्या वैद्यांनी ओळखले होते. माणसाला असे सांगता येते. कुत्र्याला सांगता येत नाही, आणि सारी अडचण तेथून सुरू होते.

७. आता समजुतीकडे. ती निव्वळ भाबडी नव्हती. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्ट आणि पॉवेल यांच्या अभ्यासात कुत्र्याची लाळ काही ठरावीक जिवाणूंना मारते असे आढळले. त्याआधी स्टॅन्ली कोहेन यांनी उंदरांच्या लाळग्रंथींत पेशींच्या वाढीस चालना देणारी द्रव्ये शोधली होती. त्या संशोधनासाठी त्यांना आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

८. रानडुकराच्या सुळ्याने फाटलेली, मातीने भरलेली उघडी जखम कुत्रा चाटतो, तेव्हा माती निघते, मेलेले मांस निघते, थोडे जंतूही मरतात. पऱ्हाटीच्या शेतात राखणीला असलेल्या कुत्र्यांच्या अशा जखमा चाटून भरलेल्या पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाहिल्या. ज्या भरल्या नाहीत, त्या कुत्र्यांची आठवण कोणी ठेवली नाही. समजुती अशाच टिकतात : वाचलेले दिसतात, मेलेले दिसत नाहीत.

९. शिवाय, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माणसांच्या शस्त्रक्रियेतही जंतूंची जाणीव नव्हती. जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धतीवरील आपले लेख १८६७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यापूर्वी शल्यविशारद न धुतलेल्या हातांनी एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जात. अशा हातांच्या तुलनेत कुत्र्याची जीभ फारशी वाईट ठरली नसती.

१०. मग बदलले काय? कुत्र्याची जीभ होती तशीच राहिली, जखम बदलली. शस्त्रक्रियेची जखम निर्जंतुक पात्याने केलेली असते, तिच्या कडा जुळवून टाक्यांनी बंद केलेल्या असतात. तिच्यात धुण्याजोगी माती नसते. तेथे चाटणे म्हणजे धरू लागलेली खपली ओलावणे, टाके ओढणे आणि तोंडातील पाश्चुरेलासारखे जिवाणू आत पोहोचवणे. पोटावरची जखम उसवली तर आतडी बाहेर येऊन जनावर दगावू शकते. उघड्या जखमेसाठी घडलेली सवय बंद जखमेसाठी घातक ठरते. दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या जखमेपुरते खरे आहे.

११. लाळेचा दुसरा धोका याहून गंभीर. १८०४ मध्ये जर्मनीतील येना येथे गेओर्ग झिंके यांनी पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ निरोगी कुत्र्याच्या शरीरावर केलेल्या चिरांना लावली आणि त्याला रोग झाल्याचे दाखवले. रेबीज लाळेतून आणि उघड्या त्वचेतून जातो, याचा हा प्रायोगिक पुरावा. आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात, माणसाच्या फाटलेल्या त्वचेवर संशयित जनावराने चाटणे हा तिसऱ्या, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या श्रेणीतील संपर्क आहे. माणसाची जखम कुत्र्याकडून चाटून घेण्याची समजूत म्हणूनच सोडून देण्याजोगी आहे.

१२. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या मुलाला रेबीजविरोधी लस दिली. भारतात अशा उपचारांची पहिली संस्था १९०० मध्ये कसौली येथे, तर दुसरी १९०७ मध्ये कुन्नूर येथे उभी राहिली. वऱ्हाडातील खेड्यापासून ही दोन्ही ठिकाणे किती दूर होती, हे नकाशावर एक नजर टाकली तरी कळते. पिसाळलेल्या कुत्र्याला ठार मारणे हाच तेव्हा गावाला ठाऊक असलेला उपाय.

१३. शहरांचा उपाय त्याहून सरसकट होता. मुंबईत ठरावीक हंगामात मोकाट कुत्री मारली जात आणि मारणाऱ्यास प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळे. जून १८३२ मध्ये या मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला. बाजार बंद पडले. ब्रिटिश मुंबईतील पहिल्या मोठ्या दंगलींत तिची गणना होते. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरापोळ उभी राहिली. जनावर मारण्याऐवजी त्याला आसरा देण्याचा पर्याय संस्थेच्या रूपाने समोर आला.

१४. हा प्रसंग या विषयात का यावा? कारण जखम भरण्याचा प्रश्न तेव्हाच उद्भवतो, जेव्हा जनावर जगवायचे असते. सोट्याने मारलेल्या कुत्र्याला पट्टी लागत नाही. चाटणे थांबवण्याचा इतिहास हा म्हणूनच कुत्र्याला रुग्ण मानण्याचा इतिहास आहे.

१५. आता यवतमाळ. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ‘वून जिल्हा’ म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळचे नाव मिळाले. हा कापसाचा, म्हणून बैलांचा मुलूख. सरकारी पशुवैद्यकाचे लक्षही बैलांवर. १८८९ मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली, १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलली. तिच्यापुढचा मोठा प्रश्न होता गुरांचा बुळकांडी रोग.

१६. लोकभाषेने ही प्राधान्यक्रमाची गोष्ट जपून ठेवली आहे. पशुवैद्यकीय दवाखान्याला लोक आजही ‘गुरांचा दवाखाना’ म्हणतात. त्या नावात कुत्र्याला जागा नाही. मुंबईत १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, नागपूरचे त्यानंतर बऱ्याच काळाने, १९५८ मध्ये. तोवर विदर्भातील कुत्र्याचा वैद्य म्हणजे त्याचा धनी.

१७. साधनेही गुरांचीच होती. मळणीच्या वेळी धान्याला तोंड लावू नये म्हणून बैलाला मुसके, पळू नये म्हणून ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणे. परदेशात घोड्याने दुखऱ्या पायाला चावू नये म्हणून त्याच्या मानेभोवती लाकडी काठ्यांची माळ बांधत. तत्त्व एकच : वेदनेची जागा आणि तोंड यांत अंतर राखणे. कुत्र्याच्या गळ्यातला शंकू याच कुळातला. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातील चुणीदार गळपट्ट्यांवरून त्याला ‘एलिझाबेथन कॉलर’ नाव पडले, आणि दवाखान्यात त्याचे झाले ‘ई-कॉलर’.

१८. कुत्र्याच्या गळ्याशी एक बंजारा कथाही जोडलेली आहे, आणि पुसद, दिग्रस, दारव्हा भागांत तांड्यांची वस्ती मोठी आहे. मध्य भारतात सांगितली जाणारी ती कथा अशी : कर्जापोटी बंजाऱ्याने आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. कुत्र्याने चोरीचा माल शोधून दिला. सावकाराने कर्ज फिटल्याची चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधून त्याला परत पाठवले. कुत्रा पळून आला, असे समजून धन्याने त्याला मारले आणि चिठ्ठी नंतर वाचली. गळ्यात बांधलेले वेळेवर न वाचण्याची किंमत या कथेत मोठी आहे.

१९. शंकूचेही तसेच आहे. कुत्रा धडपडतो, केविलवाणा दिसतो, आणि दया येऊन घरचे लोक तो काढतात. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर शंकू रात्रंदिवस हवा. त्याची कड नाकाच्या टोकापुढे थोडी यावी आणि गळ्याशी दोन बोटे जातील इतकी सैल जागा असावी. अर्ध्या तासाची मोकळीकही टाके उसवायला पुरते. जुन्या एक्स-रे फिल्मचा किंवा प्लास्टिकच्या बादलीचा शंकू खेड्यातही करता येतो. मात्र कडेला कापडी पट्टी चिकटवावी, नाहीतर मानेला दुसरी जखम होते. जखम पोटावर असेल तर जुना सदरा चढवून वर गाठ मारण्याची युक्ती अनेक जण वापरतात.

२०. घरगुती उपायांत पारख हवी. किडे पडलेल्या जखमेला सीताफळाचा पाला वाटून लावण्याची चाल जुनी आहे, पण ती टाक्यांच्या जखमेसाठी नव्हे. चाटू नये म्हणून फिनाईल, रॉकेल, टर्पेंटाइन किंवा जळके ऑइल लावणे तर घातकच. कुत्रा तेही चाटतो आणि विष पोटात जाते.

२१. येथवर गोष्ट धनी असलेल्या कुत्र्याची झाली. रस्त्यावरच्या कुत्र्याला शंकू कोणी बांधावा? १९६४ मध्ये चेन्नईच्या ब्लू क्रॉस संस्थेने कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करण्याचा विचार मांडला. १९९० च्या दशकात मद्रास आणि मुंबई महापालिकांनी ती वाट धरली. २००१ मध्ये केंद्राचे प्राणी जन्म नियंत्रण नियम आले. १० मार्च २०२३ च्या अधिसूचनेने त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. पकडणे, नसबंदी, रेबीजची लस आणि मूळ जागी परत सोडणे, हा त्यांचा गाभा. जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांची; म्हणजेच यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड, घाटंजी, पांढरकवडा अशा नगरपरिषदांचीही.

२२. शंकू घालून कुत्र्याला रस्त्यावर सोडता येत नाही. त्याला ना नीट खाता येईल, ना पळता येईल. म्हणून शल्यविशारदांनी शंकूचे काम शस्त्रक्रियेतच करून टाकले. चीर लहानात लहान. त्वचेखाली दडवलेले, आपोआप विरघळणारे टाके. अशा कृत्रिम धाग्यांचा वापर १९७० च्या दशकापासून वाढला. वर ओढायला धागा नाही आणि काढायला टाका नाही. ओळखीसाठी कानाला छोटी खाच. सुश्रुताने ताग, साल, केस, स्नायू यांचे धागे सांगितले होते. त्या प्रदीर्घ परंपरेतील ही एक अलीकडची पायरी.

२३. तरीही दडवलेला टाका म्हणजे अभेद्य टाका नव्हे. शस्त्रक्रियेनंतरचे काही दिवस स्वच्छ, कोरड्या पिंजऱ्यात देखरेखीखाली राहणे हाच रस्त्यावरच्या कुत्र्याचा शंकू. जागा अपुरी, मनुष्यबळ तुटपुंजे किंवा कंत्राट घाईचे असेल, तर कापले जातात ते नेमके हेच दिवस. उसवलेल्या पोटाचा कुत्रा गल्लीत दिसला की लोकांचा विश्वास उडतो, पुढच्या वेळी पकडणाऱ्या गाडीला विरोध होतो आणि लसीकरणही अडते. ज्या रेबीजसाठी हा सारा खटाटोप, तो तेथेच राहतो.

२४. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी, पिसाळलेली किंवा आक्रमक कुत्री वगळता इतरांना नसबंदी व लस देऊन मूळ जागी सोडण्याचे तत्त्व कायम ठेवले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणांहून उचललेली कुत्री तेथे परत न सोडता निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले. वाद कुठे सोडावे याचा आहे. पण शस्त्रक्रिया, लस आणि जखम भरेपर्यंतची देखभाल दोन्ही वाटांवर तितकीच अपरिहार्य आहे.

२५. कुत्रा जखम चाटतो तो त्याच्या स्वभावानुसार, आणि हजारो वर्षे त्या स्वभावाने त्याला साथ दिली. टाके मात्र माणसाने घातले आहेत. जी जखम माणसाने केली, ती भरेपर्यंत राखण्याचे कामही माणसाचेच. घरच्या कुत्र्यासाठी ते घरच्यांचे, बेवारस कुत्र्यासाठी गावाचे.

(समाप्त)