गाठी, रेवडी आणि नवसागर

मानोरा तालुक्यातले आमचे इंझोरी हे कोरडवाहू गाव. कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन ही इथली पिके. उसाचा हा मुलूख नव्हे. तरीही माझ्या लहानपणी गोड खाऊची यादी तोकडी नव्हती. होळी-पाडव्याला गळ्यात पडणारी साखरेची गाठी, संक्रांतीचा हलवा, रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेतून येणाऱ्या रेवड्या आणि गोडशेव, देवळातले बत्तासे आणि किराणा दुकानातल्या काचेच्या बरणीतली लिमलेटची गोळी. यातल्या कशालाही आम्ही पक्वान्न मानत नसू. तो ‘खाऊ’ होता. पक्वान्नांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. खाऊच्या वाट्याला तो फारसा आलेला नाही.

प्रत्येक देशाचा खाऊ वेगळा का, असे विचारले की ‘ज्याची त्याची चव’ असे उत्तर मिळते. मला ते अपुरे वाटते. चव घडते, आणि घडताना तिच्यावर व्यापाराचे, हवेचे आणि घरच्या रिवाजाचे हात फिरलेले असतात.

सुरुवात शब्दांपासून करू. ‘शर्करा’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ वाळू, बारीक खडे असा आहे. त्यावरून फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’ आणि पुढे युरोपातले सगळे शब्द आले. ‘खंड’चे फारसीत ‘कंद’ झाले, आणि अरबी-फ्रेंच वळणे घेत इंग्रजीत ‘कँडी’. साखर तयार करण्याची विद्याही इथूनच बाहेर गेली. सिकंदराचा सरदार निआर्कस याने हिंदुस्थानातल्या, मधमाश्यांवाचून मध देणाऱ्या बोरूंची नोंद केली. सातव्या शतकात चीनच्या तांग सम्राटाने ही विद्या शिकायला मगधात माणसे पाठवली. गंमत अशी की उत्तरेत शुभ्र साखरेला ‘चीनी’ आणि खडीसाखरेला ‘मिसरी’, म्हणजे मिसर देशाची, अशी नावे पडली. आम्ही वऱ्हाडातले लोक मात्र साखरेला साखरच म्हणत आलो.

एकाच कच्च्या मालापासून माणसाने जगभर काय केले हे पाहिले, तर आधी साम्य डोळ्यांत भरते. काटेरी हलवा घ्या. तीळ किंवा खसखस मंद आचेवरच्या परातीत हलवत राहायचे आणि त्यावर थोडा थोडा पाक सोडत जायचे. कित्येक तासांनी दाण्याला काटा येतो. आपल्याकडे त्याचे दागिने करून नव्या सुनेला आणि तान्ह्या बाळाला घालतात. जपानमध्ये ‘कोंपेइतो’ नावाचा असाच काटेरी दाणा आहे. नाव पोर्तुगीज ‘कोंफेइतो’वरून आलेले. लुईस फ्रॉइस या पाद्रीने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराला तो काचेच्या कुपीत घालून नजर केला होता. तिथेही कढई, तिथेही पाक, तिथेही संयम. जुन्या पद्धतीने तो करायला दोनेक आठवडे लागतात.

रेवडीचेही तसेच. पाक घट्ट झाला की तो खुंटीला अडकवून ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा. आत हवा शिरते आणि पिवळट पाक पांढरा, हलका होतो. स्वीडनमधल्या ग्रेन्ना गावी अमालिया एरिक्सन या विधवेने १८५९ मध्ये नगरपालिकेची परवानगी काढून पेपरमिंटच्या लाल-पांढऱ्या कांड्या विकायला सुरुवात केली. पदरात लहान मुलगी होती आणि दुसरा आधार नव्हता. ती पाक ओढायची ती रीत आपला रेवडीवाला पाहताक्षणी ओळखेल. फरक एवढाच की त्याच्या पाकात तीळ आणि तिच्या पाकात पुदिन्याचा अर्क.

मग फरक येतो कुठून? एक कारण हवा. कोकोचे लोणी सुमारे ३४ अंशांना वितळते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो. विजेच्या थंड कपाटाशिवाय चॉकलेट इथल्या दुकानात उन्हाळा काढूच शकत नव्हते. याउलट साखरेचा पाक दीडशे अंशांपर्यंत आटवला की त्यात पाणी जेमतेम दोन-तीन टक्के उरते आणि तो काचेसारखा टणक होतो. त्याला उन्हाचे भय नाही, फक्त पावसाळी दमटपणाचे आहे. म्हणून कागदाचा पीळ. आमच्या पिढीतली मुले असल्या प्रत्येक गोळीला ‘चॉकलेट’ म्हणत. वस्तू पोहोचण्याआधी तिचे नाव पोहोचले होते.

दुसरे कारण, कोणती वस्तू कोणाच्या दुकानात राहिली. माझी भाची फिनलंडला असते. तिने एकदा काळ्या गोळ्यांची पुडी आणली. माझ्या आईने एक तोंडात टाकली आणि लगेच पदरात काढली. भाची म्हणाली, “मामा, यात अमोनियम क्लोराईड असतं. तिकडे मुलं आवडीनं खातात.” अमोनियम क्लोराईड म्हणजे नवसागर. आई म्हणाली, “म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर? तो का खायचा असते?” तिने उभ्या जन्मात नवसागर पाहिला तो तापलेल्या पितळी गंजावरचा पांढरा धूर म्हणून. त्या गोळीतला दुसरा घटक ज्येष्ठमध. तो मात्र तिच्या डब्यात होता, खोकल्यासाठी. युरोपातही दोन्ही वस्तू औषधविक्याकडेच असत. तिथे त्या साखरेसोबत हळूहळू मुलांच्या हातात गेल्या. इंग्लंडच्या पाँटिफ्रॅक्टमध्ये अठराव्या शतकातच ज्येष्ठमधाच्या गोड वड्या होऊ लागल्या. आपल्याकडे ज्येष्ठमध काष्ठौषधींच्या दुकानात राहिला आणि नवसागर कल्हईवाल्याच्या झोळीत. वेगळा होता तो त्यांचा प्रवास, जीभ नव्हे.

याच्या उलट उदाहरण मेक्सिकोचे. तिथली मुले चिंचेच्या गोळीला मीठ-तिखट लावून चोखतात. आपल्याकडे चिंच, गूळ, मीठ, तिखट, जिरे कुटून काडीला लावतात. काही भागांत त्याला चिगळी म्हणतात. मिरची मूळची तिकडची, ती पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली. चिंच स्पॅनिश सत्तेच्या काळात तिकडे गेली. एकमेकांना कधी न पाहिलेल्या दोन मुलखांतल्या मुलांनी एकच खाऊ पसंत केला. ‘परक्यांची चव विचित्र’ असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

तिसरे कारण बाजार, आणि त्याची गोष्ट सर्वांत जवळची आहे. वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावचा साखर उद्योग उभारला. पुढे चाळीसच्या दशकात तिथे गोळ्या होऊ लागल्या. ‘पान पसंद’ ही त्यांची गोळी विड्याच्या चवीची. परदेशी पुदिन्याच्या जागी आपला विडा ठेवण्याची ती युक्ती होती, आणि जेवणानंतर पान न खाणारेही ती चघळत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही सारी नावे रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतली. गोळी गेली नाही, पण ती आता कोणत्या कढईची आणि कोणत्या गावची, हे नावावरून सांगता येणार नाही.

मला काळजी वाटते ती इथे. आज आमच्या गावच्या दुकानात लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळा पुण्यात किंवा पाटण्यातही तशाच लोंबतात. देशोदेशीचा फरक मिटण्याआधी गावागावांचा फरक मिटतो आहे. गाठी टिकली, कारण तिला सण आहे. पाडव्याच्या गुढीला पुडी बांधता येत नाही. हलवा टिकला, कारण त्याला नवी सून आणि बाळ आहे. रेवडीला फक्त यात्रा आहे, आणि लिमलेटच्या गोळीला तर काहीच नव्हते. ती बरणीबरोबर गेली. ज्या खाऊला रिवाजाचा आधार नाही, त्याचे भवितव्य निव्वळ नफ्यावर ठरते.

सगळेच जपता येईल असे मी म्हणत नाही. पण साचा लाकडाचा होता की धातूचा, दोरा आधी घालत की नंतर, पाकातला मळ दुधाने काढत की लिंबाने, हे सांगणारी माणसे अजून वऱ्हाडात आहेत. पदार्थ संपला तरी कृती लिहून ठेवता येते. या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती घरातले सगळ्यात वयस्क माणूस बसेल, तेव्हा ‘तुमच्या लहानपणी दुकानात काय मिळायचं’ एवढे विचारावे आणि उत्तर तारखेसह वहीत उतरवावे. खाऊचा इतिहास लिहायला दुसरे दप्तर आपल्याकडे नाही.