मेतकूट ते प्रोटीन पावडर



गेल्या वर्षभरात आमच्या गटांच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांखालोखाल कुठला प्रश्न विचारला गेला असेल, तर तो हा : घरी प्रोटीन पावडर कशी करायची? मुलगा जिमला जातो, त्याला हवी. सून बाळंत झाली, तिला कुणीतरी सांगितली. सासऱ्यांचं ऑपरेशन झालं, त्यांना हवी. विरारच्या दुकानात एका डब्याला दोन-तीन हजार रुपये पडतात. कृती आम्ही सांगणारच आहोत. पण त्याआधी ही पावडर कुठून आली, कुणी कुणी ती पाकिटात भरून पाहिली आणि त्यातून काय निघालं, तेवढं ऐका. मग डब्यात काय घालायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आपल्याकडे धान्य-डाळी भाजून दळून ठेवायची रीत जुनीच आहे. मेतकूट घ्या. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, थोडे तांदूळ, थोडे गहू, वर धणे, जिरे, मेथ्या, सुंठ, हिंग, हळद. आजाऱ्याला मऊ भात आणि मेतकूट, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. थालिपिठाची भाजणी हेच करते. नाचणी मोड आणून, वाळवून, दळून बाळाला खीर द्यायची, हीही तीच विद्या. मोड आल्यावर नाचणीतले पिष्ट मोकळे होते, खीर पातळ राहते. म्हणून थोड्या खिरीत जास्त पीठ मावतं आणि लहान पोटात जास्त अन्न जातं. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी यावर प्रयोग केले.

धान्य आणि डाळ एकत्र का, यालाही कारण आहे. गहू-तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचा भाग कमी असतो, तो डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात. एकीचं उणं दुसरी भरून काढते. आणि अर्नाळ्याच्या, नायगावच्या बायका आता हसत असतील, कारण त्यांच्या घरच्या सुक्या बोंबलात निम्म्याहून जास्त वजन प्रथिनांचंच असतं. त्यांना डबा कशाला हवा?

आता जगाकडे वळू. आफ्रिकेत, आज ज्याला घाना म्हणतात त्या देशात, सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरबाई काम करत होत्या. तिथे दीड-दोन वर्षांची मुलं सुजून, केस भुरे होऊन दगावत. तिथल्या आया त्या आजाराला क्वाशिओरकोर म्हणत. दुसरं बाळ आलं की आधीच्या बाळाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. अंगावरचं दूध तुटतं आणि त्याच्या वाट्याला नुसती मक्याची पेज येते. विल्यम्सबाईंनी १९३५ मध्ये आयांचा हा शब्दच डॉक्टरांच्या मासिकात छापला. पुढे मोठमोठ्या तज्ज्ञांनी यातून एकच गोष्ट उचलली : गरीब देशांत प्रथिनं कमी आहेत. मग ती भरून काढायला पावडरी निघाल्या.

आपल्या देशात म्हैसूरला १९५० मध्ये अन्न तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था सुरू झाली. तिथे एक पीठ तयार झालं. तेल काढून उरलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ ७५ भाग, हरभऱ्याचं २५ भाग, वर जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम. कल्पना हुशारीची होती. पेंड गुरांना जायची, तिच्यात प्रथिनं भरपूर. पण १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की कोंबड्या पटापट मेल्या. शोध घेतला तर त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी लागलेली. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन नाव पडलं. हे विष यकृतावर जातं आणि भाजल्यानेही पुरतं जात नाही. आपल्या वसईच्या दमट हवेत ही गोष्ट गाठीला बांधून ठेवायची आहे. पुढे कृतीत ती पुन्हा येईल.

पावडरींचा जोर काही ओसरला नाही. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगापुढे प्रथिनांचं संकट उभं आहे असा अहवाल काढला. त्याच सुमाराला एक मराठी माणूस उलट बोलत होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. डॉक्टर नव्हे, आकडेशास्त्राचे जाणकार. रोमला जागतिक अन्न संघटनेत त्यांनी जवळपास वीस वर्षं काम केलं. त्यांनी घरोघरच्या खाण्याचे आकडे तपासले आणि सांगितलं, की भाकरी-डाळ खाणाऱ्या माणसाला पोटभर मिळालं तर प्रथिनं त्यातून बहुतेक मिळून जातात. कमी पडतंय ते अन्नच.

हे नीट समजून घ्या. शरीराला आधी जळण लागतं. पोट रिकामं असताना नुसती प्रथिनं दिली तर शरीर तीच जाळतं. सरपण नाही म्हणून बसायचा पाट चुलीत घालावा, तसं. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन या डॉक्टरांनी तर त्या सगळ्या मोहिमेला प्रथिनांचा फज्जा म्हटलं.

सुखात्म्यांचं सगळंच आम्ही डोक्यावर घेत नाही. माणसाचं शरीर कमी खाण्याशीही बरंचसं जुळवून घेतं, असं त्यांनी पुढे मांडलं आणि त्यावर खूप वाद झाला. आम्हाला ते पटत नाही. शेवटी उरलेलं खाऊन जुळवून घेणं आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. तपासणीच्या कागदावर त्याचं नाव ॲनिमिया असं येतं.

आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या कासा गावी, १९७० च्या दशकात डॉ. पी. एम. शहा यांनी कुपोषणावर मोठं काम केलं. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. गावातल्याच बायकांना अर्धवेळ कामाला घेतलं. त्यांनी पाड्यापाड्यावर जाऊन मुलांची वजनं करायची, वजन घसरणारं मूल आधी हेरायचं, आईशी बोलायचं आणि शक्यतो घरीच त्याला सावरायचं. या कामात पावडरीइतकाच वजनकाटा महत्त्वाचा होता. पण १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलं की हाताला काम नाही, घरात धान्य नाही, तिथे कुठलाही डबा पुरत नाही.

आता पाकीट कुणी करायचं, तो भाग. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं, की अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार नकोत, गावातल्या महिला मंडळांना आणि बचत गटांना प्राधान्य द्या. तरी आपल्या राज्यात घरपोच आहाराच्या निविदांना अटी अशा लागल्या, की साध्या गटाने त्या वाचून कागद खाली ठेवावा. त्याविरुद्ध बचत गटच न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निविदा रद्द करून नव्याने काढायला सांगितल्या. भाजणी करणाऱ्या हातांनी दिल्लीपर्यंत जाऊन भांडण जिंकलं, हे आमच्या गटांतल्या कितीजणींना ठाऊक होतं? बैठकीत विचारलं तर एकीचाही हात वर आला नाही. म्हणून तर ही गोष्ट आज रेडिओवर सांगतोय.

आता कृती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं एक मिश्रण हैदराबाद मिक्स म्हणून ओळखलं जातं. एका वेळचं माप : गहू ४० ग्रॅम, हरभरा १६, शेंगदाणे १०, गूळ २०. एकूण ८६ ग्रॅम. त्यातून सुमारे ३३० कॅलरी आणि ११ ग्रॅम प्रथिनं मिळतात. सुखात्मे म्हणाले तेच इथे आहे पाहा : गूळ आणि शेंगदाणे जळण पुरवतात, म्हणून गहू-हरभऱ्याची प्रथिनं अंगी लागतात. साधारण ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे जवळपास पाव हिस्सा यातून भागतो. बाकीचा डाळ, भात, भाकरी, दूध, अंडं, मासळीतून यायचा. दुकानातल्या एका चमच्यात यापेक्षा जास्त प्रथिनं असतात, हे खरं. पण अंग कमवायला असल्या डब्यांच्या नादी लागू नका, असा सल्ला याच संस्थेने २०२४ मध्ये दिला आहे.

दहा वेळांसाठी गहू ४०० ग्रॅम, फुटाण्याची डाळ १६० आणि शेंगदाणे १०० घ्या. गहू ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, मंद आचेवर खमंग भाजा. डाळ नुसती गरम करा. शेंगदाणे निवडताना डोळे उघडे ठेवा : सुरकुतलेला, काळपट, कडू दाणा सरळ फेका, भाजून खपवू नका. गहू आणि डाळ दळून आणा. दाण्यांचा कूट घरी, त्या पिठातलं थोडं घालूनच करा, म्हणजे तेल सुटत नाही. गव्हाऐवजी नाचणी घेतली तर प्रथिनं थोडी कमी होतात, पण कॅल्शियम भरपूर मिळतं. पारोळ-भाताण्याकडच्या गटांना तेच सोयीचं.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काहीही नको. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शेंगदाणा सोसत नसेल त्यांच्यासाठी तीळ घाला. विकायला काढणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. आणि पाकिटावर काय काय घातलंय ते खरं लिहा.

गूळ डब्यात मिसळू नका, आयत्या वेळी घाला, नाहीतर पीठ ओल धरतं. जून ते सप्टेंबर एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच दळा, कोरड्या चमच्याने काढा, आणि कुबट वास आला तर कोंबड्यांनाही घालू नका.