पांढुर्णा-सौंसर : लघुउद्योग आणि कचेरीचं अंतर

पांढुर्णा आणि सौंसर हा कपाशीचा मुलूख. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पांढुर्ण्यात जिनिंगचे कारखाने होते. 1913 मध्ये नागपूर-छिंदवाडा छोटी रेल्वे सौंसरवरून धावू लागली, पुढे इटारसी-नागपूर मार्गावर पांढुर्ण्याचं स्टेशन झालं. माल जायचा नागपूरला आणि सरकारही नागपूरलाच होतं. उद्योगांना सरकारी मदत देणारा मध्य प्रांताचा 1933 चा कायदा याच काळातला.

1 नोव्हेंबर 1956 ला हे बदललं. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा, त्यातल्या या मराठी पट्ट्यासह, मध्य प्रदेशातच राहिला. राजधानी भोपाळ झाली. बाजार मात्र जागचा हलला नाही. त्याच वर्षीच्या केंद्रीय विक्रीकर कायद्याने नागपूरच्या व्यापाऱ्याला विकलेला माल ‘आंतरराज्य विक्री’ ठरला. शंभरेक किलोमीटरवरचं घरचं गिऱ्हाईक कागदावर परराज्यातलं झालं. ‘सी फॉर्म’साठीची धावपळ जुन्या व्यापाऱ्यांना आजही आठवत असेल. 2017 मध्ये जीएसटी आला, तेव्हा कुठे हा प्रकार थांबला.

गंमत म्हणजे याच सुमारास दिल्लीत लघुउद्योगांचा पाया घातला जात होता, आणि त्यात एक मराठी अर्थतज्ज्ञ होते. द. गो. कर्वे यांच्या समितीने 1955 मध्ये ग्रामोद्योग व लघुउद्योगांवर अहवाल दिला. उद्योग मोठ्या शहरांत साचू नयेत, खेड्यांतून आणि छोट्या गावांतून वर यावेत, हा त्याचा गाभा.

विचार उत्तम होता, पण अंमल कचेरीतून व्हायचा. राज्य वित्त महामंडळाचं मुख्यालय इंदूरला. 1 मे 1978 पासून देशभर जिल्हा उद्योग केंद्रं सुरू झाली. सगळी मदत एकाच छताखाली मिळावी हा हेतू. पण ते छप्पर जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे छिंदवाड्याला. पांढुर्ण्याहून तिथे जायचं तर नागपूरइतकंच अंतर! मी मूळचा इंजिनिअर, प्रोजेक्ट रिपोर्ट पुष्कळ लिहिले. माझा अनुभव असा, की छोट्या माणसाचं कर्जप्रकरण व्याजदरापेक्षा खेट्यांनी जास्त दमतं. दुकान बंद ठेवून घातलेल्या खेट्याचा खर्च कुठल्याच सबसिडीत धरलेला नसतो.

पुढे धोरणाचा भर औद्योगिक क्षेत्रांवर आला. सौंसर तालुक्यात बोरगावला तसं क्षेत्र उभं राहिलं आणि 1991 मध्ये रेमंडचा कापड कारखाना आला. त्याचं महत्त्व मी नाकारत नाही. पण मोठ्या कारखान्याने रोजगार येतो, त्यामागून स्थानिक उद्योजक येतोच असं नाही. कर्वे समितीला अपेक्षित होता तो हा दुसरा.

ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. 1956 नंतर प्रथमच मोठी कचेरी या भागाकडे सरकली. पाट्या बदलल्या, हे चांगलंच. पण माझ्या मते खरी कसोटी साधी आहे : जिनिंगवाल्याचं किंवा संत्र्याची प्रतवारी करणाऱ्याचं प्रकरण गावातच दाखल होऊन गावातच निकाली निघतं का? पुढचा इतिहास लिहिणाऱ्याने कारखान्यांच्या संख्येआधी हे खेटे मोजावेत.