बेंजो, गिटार आणि पायाखालचे बटण

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर हळदीची रात्र असो वा गणपतीची मिरवणूक, बेंजो पार्टी आलीच. लोकांचे लक्ष ढोल-ताशाकडे, ऑक्टोपॅडकडे आणि नाचणाऱ्यांकडे असते. बेंजोवाल्याच्या पायाशी किंवा वाद्याशेजारी ठेवलेल्या चपट्या डब्याकडे कोणी पाहत नाही. पुष्कळदा तो डबा गिटारसाठी बनवलेला इफेक्ट प्रोसेसर असतो. मुखडा संपतो, बटण दाबले जाते आणि इतका वेळ टणटणणारे वाद्य एकदम लांब, खरखरीत, रडक्या आवाजात बोलू लागते.

जपानी वाद्य, अमेरिकन गिटारचे तंत्र आणि कोकणातली हळद एका ट्रॉलीवर कशी आली? याला अनेक जण 'गोंगाट' म्हणून निकालात काढतात. माझे मत वेगळे आहे. वाद्यात एक उणीव होती आणि वाजवणाऱ्यांनी तिच्यावर स्वतः उपाय शोधला, असा हा इतिहास आहे.

आधी वाद्याविषयी. आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकन बँजोशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. हे मूळचे जपानचे 'ताइशोगोतो'. १९१२ साली जपानमध्ये ताइशो राजवट सुरू झाली आणि त्याच वर्षी नागोया शहरात गोरो मोरिता यांनी हे वाद्य बनवले. टाइपरायटरची बटणे पाहून त्यांना ही कल्पना सुचली. डाव्या हाताने बटण दाबायचे, ते तारेला पडद्यावर टेकवते. उजव्या हाताने नखीने तार छेडायची. स्वस्त, हलके आणि शिकायला सोपे असल्याने ते जहाजांतून आशियाभर पसरले.

भारतात त्याला 'बुलबुल तरंग' हे सुंदर नाव मिळाले. फारसीतला 'बुलबुल' आणि संस्कृतमधला 'तरंग' असे जोडनाव. भाषा शिकवणाऱ्याला याहून चांगले उदाहरण काय हवे! बलुचिस्तानात त्याचाच मोठा भाऊ 'बेंजू' म्हणून लोकसंगीतात रुजला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोंबासाच्या 'तारब' संगीतातही हे वाद्य पोहोचले. 'तारब' हा शब्द अरबी 'तरब' म्हणजे आनंदाची धुंदी यावरून आला. कव्वालीच्या पार्ट्यांनी हार्मोनियमच्या जोडीला बेंजो घेतला आणि उरुसाच्या मैफलींत त्याचा आवाज ओळखीचा झाला. आगरी-कोळी लग्नांत जिथे धवलारीण वाद्याशिवाय धवले गाते, तिथे हळदीच्या नाचासाठी बेंजोही आला.

आता उणीव कोणती ते पाहू. एक म्हणजे स्वर टिकत नाही. तार छेडली की क्षणात विझते. दुसरी म्हणजे स्वर बटणाला बांधलेला. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यात नीट येत नाही. हाच आक्षेप हार्मोनियमवर घेतला गेला होता आणि १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियम बंद केले. ती बंदी सुमारे तीन दशके टिकली. पण हार्मोनियमचा भाता निदान स्वर लांबवतो. बेंजोकडे तेही नाही. कव्वाल आलाप लांबवतो, टाळ्या चढत जातात, त्यात बेंजोचा तुटक स्वर हरवून जातो. उघड्या मैदानात तर अधिकच.

हीच अडचण गिटारची होती. मोठ्या बँडमध्ये गिटार ऐकूच येत नसे. १९३० च्या दशकात चुंबकाचे पिकअप आले. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. ती अॅम्प्लिफायरने मोठी करायची. आवाज वाढला, पण स्वभाव बदलायचा तर वेगळे काही हवे होते.

ते एका बिघाडातून मिळाले. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्स या गायकाचे ध्वनिमुद्रण चालू होते. ग्रेडी मार्टिन यांची बास गिटार मिक्सरच्या ज्या चॅनलमध्ये जोडली होती तो चॅनल बिघडला आणि आवाज फाटून भुंग्यासारखा घुमू लागला. तो तसाच ठेवला गेला आणि लोकांना आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच फाटका आवाज देणारे सर्किट बनवले आणि १९६२ साली गिब्सन कंपनीने 'मॅस्ट्रो फझ-टोन' नावाने ते बाजारात आणले. त्यावर एक बटण होते, पायाने दाबायचे. सगळी कथा या बटणात आहे. गिटार वाजवणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले, मोकळा फक्त पाय. बेंजोवाल्याचेही तेच.

त्यानंतर डबे वाढत गेले. चुंबकीय फितीवर आवाज टिपून किंचित उशिराने परत ऐकवणारी इको यंत्रे १९५० च्या दशकातच आली होती. १९७४ साली जपानच्या रोलँड कंपनीचा 'स्पेस इको' आला. १९७७ पासून बॉस कंपनीचे छोटे, रंगीत पेडल मिळू लागले. अॅम्प्लिफायरही बदलले. पूर्वी त्यात दोन चॅनल असत, पण वायर एका भोकातून काढून दुसऱ्यात घालावी लागे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या रँडल स्मिथ यांच्या मेसा बूगीसारख्या अॅम्प्लिफायरमध्ये पायाने चॅनल बदलण्याची सोय झाली. एक चॅनल स्वच्छ, साथीसाठी. दुसरा तापलेला, फाटका, एकट्याने पुढे येऊन वाजवण्यासाठी.

मुंबईच्या स्टुडिओंत हे आवाज पोहोचायला वेळ लागला नाही. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) मधल्या 'दम मारो दम'मधली भूपिंदर सिंग यांची गिटार आणि 'कर्ज' (१९८०) मधल्या 'एक हसीना थी'मधली गोरख शर्मा यांची गिटार कोकणातल्या घराघरात रेडिओवरून पोहोचली. हे सूर लग्नात वाजवा, अशी फर्माईश बेंजोवाल्याला होणारच. गिटार महाग होती, वाजवणारे कमी होते. बेंजो हाताशी होता, त्याच्या तारा पोलादी होत्या, त्यामुळे पिकअप त्यालाही चालत होते.

इथे थोडे तंत्र समजून घ्यायला हवे, कारण खरे हुनर त्यात आहे. हे डबे कोणत्या क्रमाने जोडायचे याला फार महत्त्व आहे. आधी आवाज फाडायचा आणि मग त्याला इको द्यायचा, तर प्रत्येक पडसाद वेगळा आणि साफ ऐकू येतो. उलट केले, म्हणजे इको आधी आणि फाडणे नंतर, तर मूळ स्वर आणि सगळे पडसाद एकत्र भरडले जातात आणि चिखल होतो. म्हणून गिटारवाले फझ किंवा ड्राइव्हचे पेडल अॅम्प्लिफायरच्या आधी लावतात. पण आवाज फाडण्याचे काम अॅम्प्लिफायरचा चॅनलच करत असेल, तर इको कुठे ठेवणार? त्यासाठी अॅम्प्लिफायरच्या मागे 'सेंड' आणि 'रिटर्न' अशी दोन भोके दिली गेली. चॅनलमध्ये घडवलेला आवाज सेंडमधून बाहेर येतो, इकोमधून फिरतो आणि रिटर्नमधून आत जाऊन मोठा होतो. याला इफेक्ट्स लूप म्हणतात.

मग नवी अडचण आली. ओवीनंतर कडवे येताना चॅनल बदलायचा, फझ बंद करायचा आणि इको चालू करायचा, तर एका ठोक्यात तीन बटणे कशी दाबणार? ऐंशीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या बॉब ब्रॅडशॉ यांच्यासारख्या कारागिरांनी यावर स्विचिंगची यंत्रणा बनवली. सगळे डबे कपाटात, पायाशी फक्त बटणांची पट्टी. एक बटण दाबले की चॅनलसकट सगळी मांडणी बदलते. १९८३ साली मिडी ही यंत्रांची सामायिक भाषा आली आणि हे काम सोपे झाले. तरी ते श्रीमंतांचेच होते. ९० च्या दशकात जपानच्या झूम कंपनीच्या ५०५ सारख्या प्रोसेसरने ते कपाट एका हलक्या प्लास्टिकच्या डब्यात आणले. अॅम्प्लिफायरचा नकली चॅनल, ड्राइव्ह, इको, सगळे आत, योग्य क्रमाने. प्रत्येक मांडणीला एक नंबर. पाय दाबला की पुढचा नंबर.

हा डबा बेंजोसाठी बनला नव्हता, पण त्याची खरी गरज बेंजोलाच होती. कंप्रेसर विझणारा स्वर धरून ठेवतो. ड्राइव्ह त्याला लांबी देतो. इको दोन स्वरांमधली फट भरतो, त्यामुळे मींड नसली तरी कानाला सलग धागा लागतो. गाण्याच्या साथीला एक नंबर, मधल्या तुकड्याला दुसरा, नाचाच्या चढत्या भागाला तिसरा. जनरेटरवर चालणाऱ्या ट्रॉलीवर गुणगुण कमी ठेवायची, ढोल चढला की किती ड्राइव्ह पुरे आणि कितीपुढे कर्ण्यातून शिट्टी सुटते, हे कोणत्याही माहितीपुस्तकात लिहिलेले नाही. ते उस्तादाकडून शागिर्दाकडे रात्री जागून गेलेले ज्ञान आहे.

२०१६ साली रवी जाधव यांनी रितेश देशमुख यांना घेऊन 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा या वादकांकडे थोडा प्रकाश गेला. पण तोवर डीजेने बाजार धरला होता. डीजेला माणसे कमी लागतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी घातली, ती योग्यच आहे. आजारी माणसाची आणि परीक्षेला बसलेल्या मुलाची झोप कोणत्याही हळदीपेक्षा मोठी आहे. आपल्या समाजात तर लग्नात वाद्ये असावीत की नसावीत याविषयीच मतभेद आहेत आणि प्रत्येक घराने आपापला निर्णय घ्यावा. पण वाद्य न वाजवणे वेगळे आणि वाजवणाऱ्याला अडाणी समजणे वेगळे. नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रकाने बिघाडातून आवाज काढला, तर त्याचे नाव पुस्तकात छापले जाते. परक्या वाद्यासाठी बनलेला डबा आपल्या वाद्याला ज्याने पहिल्यांदा जोडला, तो बेंजोवाला कोण होता, याची नोंद नाही.

ही नोंद अजून करता येईल. रायगडच्या गावांत जुने बेंजोवाले आहेत. आठवी-नववीच्या मुलांना प्रकल्प म्हणून सांगा: आपल्या गावातल्या बेंजो पार्टीकडे जा, वाद्याला किती तारा आहेत ते मोजा, तारा कशा सुरात लावतात ते विचारा, डब्यातल्या कोणत्या नंबरवर काय ठेवले आहे आणि का ते लिहून घ्या, उस्ताद कोण होता तेही विचारा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा. दहा गावांच्या अशा दहा वह्या जमल्या, तर किनाऱ्याच्या संगीताचा एक न लिहिलेला धडा हाती येईल.