वारा मूळचा मॉस्कोचा

बर्लिनची भिंत पडतानाची दृश्ये पडद्यावर आली की मागे अनेकदा एक शीळ वाजते. ती असते ‘स्कॉर्पियन्स’ या जर्मन रॉक बँडच्या ‘विंड ऑफ चेंज’ची. हे गाणे भिंतीवरच लिहिले गेले, असा समज आता पक्का झाला आहे. मला त्या समजापेक्षा तारखा अधिक बोलक्या वाटतात.

ऑगस्ट 1989 मध्ये मॉस्कोच्या लेनिन स्टेडियममध्ये दोन दिवसांचा शांतता संगीत महोत्सव झाला. बॉन जोवी, ऑझी ऑस्बर्न यांच्यासोबत हानोफरचे स्कॉर्पियन्सही त्यात वाजवून गेले. बंदोबस्ताचे सैनिकच वळून मंचाकडे पाहू लागले आणि टोप्या हवेत उडवू लागले, अशी आठवण गायक क्लाउस माइने सांगत आला आहे. परतल्यावर पुढच्याच महिन्यात त्याने हे गाणे रचले. शब्दही त्याचे, चालही त्याचीच. भिंत पडली ती त्यानंतर, 9 नोव्हेंबरला. गाण्यातली नदी मॉस्क्वा, बाग गॉर्की पार्क आणि वाद्य बालालायका आहे. बर्लिनचे त्यात नावही नाही.

मग गाणे बर्लिनला पोचले कसे? उशिरा निघाल्यामुळे. ‘क्रेझी वर्ल्ड’ हा अल्बम आला नोव्हेंबर 1990 मध्ये आणि हे गाणे सिंगल म्हणून निघाले जानेवारी 1991 मध्ये. तोवर दोन जर्मनी एक झाल्या होत्या. संथ सुरुवात, हळूहळू चढत जाणारी गिटार आणि मोठ्या जमावाने एकत्र म्हणावा असा पालुपदाचा भाग: पॉवर बॅलडच्या या साच्यात ऐकणाऱ्याने आपला अनुभव भरला. ऑगस्टमध्ये गाणे अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेले. त्याच महिन्यात मॉस्कोत गोर्बाचोव्ह यांच्याविरुद्धचे बंड फसले. डिसेंबरमध्ये गोर्बाचोव्ह यांनी क्रेमलिनमध्ये बँडची भेट घेतली, आणि त्याच महिन्याच्या 25 तारखेला ते पायउतार झाले.

बँडने गाण्याची रशियन आवृत्तीही काढली. शीर्षक शब्दशः उतरले: ‘वेतेर पेरेमेन’. पण शब्द नव्या भाषेत रिकाम्या हाताने जात नाहीत. इंग्रजी ऐकणाऱ्याला ‘विंड ऑफ चेंज’ म्हणताच 1960 मधले हॅरॉल्ड मॅकमिलन यांचे केपटाउनचे भाषण आठवू शकते. सोव्हिएत श्रोत्यांना ‘वेतेर पेरेमेन’ हे मेरी पॉपिन्सवरच्या टीव्ही-चित्रपटातले गाणे म्हणून आधीच ठाऊक होते. आणि ‘पेरेमेन’ या शब्दामागे व्हिक्टर त्सोईच्या ‘किनो’ बँडची बदलाची मागणी उभी होती. जर्मन पाहुण्याचे गाणे त्यांना उसने वाटले नसावे. मराठीत ‘बदलाचे वारे’ सहज म्हणता येते, पण आपल्याकडे वाऱ्यामागोमाग ‘वारा पाहून पाठ फिरवणे’ही येते.

2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मैफलींत माइनेने सुरुवातीचे शब्द बदलले. मॉस्कोचे उल्लेख गेले, युक्रेनचे नाव आले. रशियाचे रम्य चित्र रंगवण्याची ही वेळ नाही, अशी त्याची भूमिका होती. याला मी पाठ फिरवणे म्हणणार नाही. त्याने बदल उघडपणे, कारण देऊन केला.

तरीही अनुवादाला बसले, तर मी 1989 ची संहिताच घेईन आणि खाली तारीख घालीन. त्या उन्हाळ्यातली आशा पुढे खोटी ठरली, म्हणून ती तेव्हाही खोटी होती असे होत नाही. नवी संहिता तिच्या शेजारच्या पानावर, तिच्या तारखेसह छापावी. मधल्या तेहेतीस वर्षांत काय झाले, ते त्या दोन पानांमध्ये वाचकाला दिसेल.